पुढच्या चाकांचे दुखणे

माणसाचे वय गुडघ्यांत उतरते, तसे मोटारीचे पुढच्या चाकांत. इंजिन ठणठणीत असते, पत्र्याची तकाकीही टिकून असते. पण खड्डा आला की पुढून कोरडी कुरकुर ऐकू येते आणि मालकाच्या मनात पाल चुकचुकते.

बंगळूरच्या इंदिरानगरात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या प्रीमियर पद्मिनीला हे दुखणे वर्षभरात तिसऱ्यांदा जडले. गृहस्थ मूळचे सोलापूरचे. सारी नोकरी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झालेली. सोलापूरच्याच वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. म्हणजे पोटापाण्याचा कारखाना आणि दारातली गाडी, दोन्ही एकाच माणसाच्या धडाडीची फळे! गाडी विकण्याचा विषय निघाला की गृहस्थ हा इतिहास सांगत. घरच्यांना तो पाठ झाला होता.

पद्मिनीची घडण मूळ फियाट अकराशेची. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी बाहू धरून असतात. स्प्रिंग गाडीचा भार पेलते. धक्के गिळण्याचे श्रेय लोक शॉकअबला देतात, ते तितकेसे खरे नव्हे. धक्का स्प्रिंगच घेते. तिची मागाहूनची उसळ शॉकअबमधले तेल शमवते. चाक वळते ते किंगपिनभोवती, आणि किंगपिन जगते ग्रीसवर.

त्यात गल्लीबोळांतले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून सुखरूप जाते. प्रत्यक्षात कित्येक उंचवटे जेमतेम पाऊलभर रुंदीचे. त्यांवर चाक चढत नाही, आदळते.

पहिल्या वेळी शॉकअब बदलले, दुसऱ्या वेळी रबरी बुश. महिना-दोन महिने बरे गेले आणि कुरकुर परतली. तिसऱ्या वेळी मुलगा स्पष्टच म्हणाला, “बाबा, आता पुरे. गाडी तुमच्या हौसेची आहे, पण रस्ता सगळ्यांचा आहे. आणि तुमची नात याच गाडीतून शाळेला जाते.” यावर गृहस्थांना वालचंदांचा इतिहास सुचला नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरणही तोंडावर आले होते.

या वेळी गाठ पडली ती एका वृद्ध मेकॅनिकशी. त्याने काहीच बदलले नाही. जॅक लावून चाक अधांतरी केले, वरून-खालून धरून हलवले, ते खडखडले. मग गृहस्थांना ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती, तर दोष बेअरिंगचा. ती थांबली नाही. झिजली होती ती किंगपिन. ग्रीस भरण्याचे तोंड जुन्या वाळलेल्या वंगणाने बुजले होते. दर वेळी भरलेले ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळत होते आणि आतला सांधा कोरडाच राहत होता. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत भाग बदलले गेले, कारण तसेच राहिले.

किंगपिन मिळवणे सोपे नव्हते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरल्या; सुट्या भागांची मागणी ती काय उरणार! जे. सी. रोडवरची बरीच दुकाने पालथी घातल्यावर एक जोड हाती लागला. बुश बसवले, चाकांची दिशा जुळवून घेतली, वंगणाची नवी तोंडे लावली.

नातीला मात्र गृहस्थांनी महिनाभर गाडीत बसू दिले नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना ते एकटेच शंभर फुटी रस्त्यावरून फेरी मारत, आणि परतल्यावर जॅक लावून चाक वरून-खालून हलवून पाहत.