पाण्याचा रोजा

2025 च्या रमजानमध्ये आमच्या हॉलमध्ये दीडशे लिटर पाण्याने भरलेली एक टाकी महिनाभर उभी होती आणि तिच्यात एकही जीव नव्हता. इफ्तारला आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, ‘मासे कुठे आहेत?’ माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, कंटाळून एक दिवस म्हणाल्या, ‘पाण्यालाही रोजा ठेवायला लावलास का गं?’

सगळे हसले. पण ते बऱ्यापैकी खरं होतं.

माझ्या बारा वर्षांच्या लेकीला अ‍ॅक्सोलॉटल हवा होता. माइनक्राफ्ट या खेळात 2021 साली हा प्राणी आला आणि तिच्या वयाच्या पोरांना त्याचं वेड लागलं. गुलाबी-पांढरं अंग, मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखं दिसणारं तोंड. तो मासा नाही, बेडकाच्या दूरच्या नात्यातला उभयचर आहे. पण बेडकाचं पिल्लू मोठं होऊन पाण्याबाहेर येतं, तसा हा येत नाही. कल्ले तसेच ठेवून आयुष्यभर पाण्यातच राहतो. पाय तुटला तर नवा उगवतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा अभ्यास चालतो.

मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक गोल्डफिश आणला होता. काचेचा गोल बाऊल, तळाशी रंगीत खडे, नळाचं पाणी. सहाव्या दिवशी तो उलटा तरंगत होता. सोसायटीच्या बागेत त्याला पुरताना लेकीने विचारलं, ‘पण मम्मी, पाणी तर स्वच्छ होतं ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की वुजूचं पाणी बघताना रंग, वास आणि चव बघायची. नजासत पडून या तिन्हींपैकी काही बदललं, तर ते पाणी चालत नाही. आपल्यासाठी ही परीक्षा योग्यच आहे. पण माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात उतरणारा अमोनिया थोडा असला तर ना दिसतो, ना त्याचा वास येतो. माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात तो मासा आपल्याच अमोनियात भाजत होता. भरीला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन होतंच. हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून यावेळी ठरवलं, आधी पाणी तयार करायचं, मग प्राणी आणायचा.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद टाकी घेतली. पाणी, काच आणि स्टँड मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून ती खोलीच्या मध्ये न ठेवता बीमच्या भिंतीला लावली. तळाशी खडे टाकले नाहीत. अ‍ॅक्सोलॉटल तोंड उघडून भक्ष्य आत ओढतो, त्याबरोबर खडाही गिळतो आणि तो पोटात अडकला तर मरतो. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे दिवा लावला नाही. लपायला अम्मींनी एक जुनं मडकं दिलं, त्याची धार मी पॉलिश पेपरने घासून काढली. जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही, म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावला.

आमच्याकडे पवनेचं पाणी येतं, तेही 2019 पासून दिवसाआड. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळतं. त्यामुळे कधी कोणतं पाणी येईल याचा भरवसा नाही. क्लोरीन मारणारं औषध घालून एक ड्रम नेहमी भरून ठेवायचा, हा नियम केला.

मग रोजा सुरू झाला. प्राणी नसलेल्या टाकीत अमोनियाचे थेंब मोजून घालायचे. तो खाणारे जीवाणू स्पंजवर हळूहळू वाढतात आणि अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. पैसे देऊन ते पटकन उरकता येत नाही.

सहेरी झाली, फजर पढली की मी आणि लेक परीक्षानळ्या घेऊन बसायचो. अमोनियाची नळी पिवळी म्हणजे शून्य, हिरवी म्हणजे आहे. पहिले दहा दिवस नळी हिरवीच. मग नायट्राइटची नळी जांभळी झाली आणि तशीच राहिली. लेक वैतागली. ‘ईदला तरी आणूया ना!’ मी म्हटलं, घातलेला अमोनिया आणि त्याचं नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की आणू. ईद 31 मार्चला झाली. शीरखुर्मा झाला, पाहुणे झाले, टाकी रिकामीच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही नळ्या पास झाल्या.

पण खरी अडचण पुढे होती. या प्राण्याला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं. 24 च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आमच्या टाकीत थर्मामीटर 29 दाखवत होता. पाण्यावर पंखा लावला, दोन-तीन अंश उतरले. गोठवलेल्या बाटल्या सोडल्या, तर सकाळी 22 आणि संध्याकाळी पुन्हा 26. ही चढउतारही त्याला वाईट. मी चाकणच्या एका कारखान्यात काम करते. तिथे प्लॅस्टिकच्या साच्याला ठरलेल्या तापमानाचं पाणी पुरवायला चिलर असतो, तो एक-दोन अंश हलला की आम्ही माल नाकारतो. प्लॅस्टिकच्या झाकणासाठी एवढी काळजी घेतो, आणि जिवंत प्राण्यासाठी बाटल्यांवर भागवायचं? चिलर घेतला. टाकीपेक्षा महाग पडला. वीजबिल वाढेल हेही घरात आधीच बोलून घेतलं.

शिवार चौकातून येताना नवऱ्याने विचारलं, ‘एवढं करून त्याला कोंडायचंच का?’ प्रश्न रास्त होता. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिने मांजरीला ना खायला दिलं, ना सोडलं. इथे तर सोडायचा पर्यायही नाही. पवनेत सोडला तर तो मरेल. त्याचं खरं घर मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को तलावाचे कालवे. तिथे 1998 मध्ये एका चौरस किलोमीटरमागे सुमारे 6000 प्राणी होते, 2014 मध्ये 36 उरले. गढूळ पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले मासे, ही कारणं. त्याच देशाने 2021 मध्ये त्याला 50 पेसोच्या नोटेवर छापलं.

पाळीव अ‍ॅक्सोलॉटल टाकीतच जन्मतात, पिढ्यानपिढ्या. म्हणून मी ठरवलं, जन्मलेला जीव अमानत म्हणून सांभाळायचा, पण चोरवाटेने आलेला घ्यायचा नाही. एक दुकानदार म्हणाला, ‘कागदबिगद काही लागत नाहीत.’ लागतात. हा प्राणी सायटिसच्या यादीत आहे आणि 2024 च्या नियमांनुसार ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्या दुकानातून आम्ही रिकाम्या हाताने परतलो. पुढे घरीच पैदास करणाऱ्या एकाकडून, कागदांसह, मे महिन्यात पिल्लू आणलं. लेकीने नाव ठेवलं फिरनी.

पहिल्या रात्री वीज गेली. लेक रडवेली झाली. फ्रीजरमधल्या बाटल्या याच वेळेसाठी राखल्या होत्या. एक बाटली सोडली, हवेचा पंप बॅटरीवर टाकला आणि मेणबत्तीच्या उजेडात दोघी थर्मामीटर बघत बसलो. 17, 18, 18. पावणेदोन तासांनी वीज आली तेव्हा पारा 19 वर होता.

आता चिमट्याने गांडूळ भरवण्याचं काम अम्मींनी स्वतःकडे घेतलं आहे. आणि दर जुम्याला लेक शाळेतून आली की न सांगता नळ्या काढते. परवा नळी उजेडात धरून म्हणाली, ‘मम्मी, पिवळी आहे. आता पाणी खरंच स्वच्छ आहे.’