अपूर्णांक कुठे गेला?

मी प्रोग्रामर आहे. दुसऱ्यांनी पूर्वी लिहून ठेवलेले प्रोग्राम वाचणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. हे काम मला कुणी शिकवलं असं विचारलं, तर मी साताऱ्याच्या माझ्या आत्याचं नाव घेते. आत्यानं कधी संगणकाला हात लावला नाही. एका पतसंस्थेत तिनं आयुष्यभर जमाखर्च सांभाळला. तिच्याकडून मला जे मिळालं ते पोकेमॉन रेड या खेळाच्या निमित्तानं.

मामा जहाजावर नोकरीला होता. त्यानं मला गेम बॉय आणून दिला आणि सुट्टीत तो घेऊन मी साताऱ्याला गेले. त्यावरच्या पोकेमॉन रेडमधल्या लढाईत आपल्या पोकेमॉनचे उरलेले प्राण आकड्यात दिसतात, समोरच्याची मात्र फक्त पट्टी दिसते. त्यामुळे आपल्याला किती लागलं हे नेमकं कळतं. एकच शत्रू, एकच हल्ला, तरी कधी 34 जायचे, कधी 38, कधी 40. मी म्हणायचे, नशीब. आत्या म्हणाली, "नशीब नंतर बघू. आधी आकडे लिही." तिनं जुन्या डायरीची कोरी पानं काढून दिली. 'क्रिटिकल हिट' असं पडद्यावर उमटलं की तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा, हेही तिनंच ठरवलं, कारण त्या आकड्यांची जातच निराळी दिसत होती. पानं भरल्यावर ती चष्मा सावरून बसली आणि म्हणाली, "अगं, सगळ्यात लहान आकडा मोठ्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांखाली उतरतच नाही."

पुढे माझ्या मामेभावानं सायबर कॅफेतून हल्ल्याचं सूत्र छापून आणलं. त्यात शेवटची पायरी हीच होती: आलेल्या उत्तराला 217 ते 255 मधल्या कुठल्याही एका आकड्यानं गुणायचं आणि 255 नं भागायचं. 217 भागिले 255 म्हणजे पंच्याऐंशी टक्के. ताळा जमला तेव्हा आत्याचा चेहरा असा उजळला, की बक्षीस मिळाल्यावरही माझा तसा उजळला नसता.

मग आम्ही सूत्राची एकेक पायरी घेतली. लेव्हलची दुप्पट, भागिले 5, अधिक 2. त्याला हल्ल्याच्या ताकदीनं गुणायचं, मग मारणाऱ्याच्या अटॅकनं गुणून झेलणाऱ्याच्या डिफेन्सनं भागायचं. आलेल्याला 50 नं भागून 2 मिळवायचे. हल्ला आणि मारणारा एकाच टाइपचे असतील तर दीडपट. त्यानंतर समोरच्याचा टाइप बघून दुप्पट, निमपट किंवा शून्य, आणि त्याचे टाइप दोन असतील तर दोन वेळा.

आत्यानं उदाहरण मागितलं. मी लेव्हल 50 चा, विजेच्या टाइपचा रायचू घेतला, हल्ला विजेचाच थंडरबोल्ट, ताकद 95. समोर गॅरॅडॉस, पाणी आणि उडणं असे दोन टाइप, वीज दोघांवरही दुप्पट चालणारी. विजेच्या हल्ल्याला अटॅक-डिफेन्सऐवजी दोघांचा स्पेशल हा गुण लागतो. तो दोघांचाही 105 धरला, म्हणजे गुणाकार-भागाकारात गळून गेला. 22 गुणिले 95 म्हणजे 2090. भागिले 50 म्हणजे 41.8. खेळ म्हणतो 41. अधिक 2, झाले 43. त्याचे दीडपट 64.5. खेळ म्हणतो 64. दोनदा दुप्पट केल्यावर 256.

आत्या 41 वरच अडून बसली. "आठ दशांश कुठे गेला?" मी म्हटलं, टाकून दिला. हे तिला सहन होईना. तिनं अपूर्णांक न टाकता पुन्हा मांडणी केली आणि उत्तर काढलं: 262.8. दोन ठिकाणी टाकलेल्या चिल्लरीनं शेवटी 6.8 चा फरक पाडला होता. लेव्हल 50 च्या गॅरॅडॉसचे प्राण दोनशेच्या आसपासच, त्यामुळे तो या एका फटक्यात तसाही आडवा होणार होता, पण आत्याला त्याच्याशी घेणं नव्हतं. टाकायचंच तर कुठल्या पायरीवर टाकलं हे माहीत हवं, आणि गुणाकार आधी की भागाकार आधी हे ठरलेलं हवं, असं तिचं म्हणणं. पूर्णांकांचं गणित म्हणून पुढे मला कॉलेजात जे भेटलं, ते मला त्या दुपारीच कळलेलं होतं.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला फार पुढे मिळालं. गेम बॉयचा प्रोसेसर आठ बिटांचा. त्याला गुणाकार आणि भागाकाराची आज्ञाच नाही. दोन्ही गोष्टी बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवून कराव्या लागतात. अटॅक किंवा डिफेन्स 255 च्या वर गेला की तो एका घरात मावत नाही, म्हणून खेळ दोन्ही आकडे चारानं भागून घेतो. एवढ्या तुटपुंज्या यंत्रावर गेम फ्रीक या कंपनीच्या शिगेकी मोरिमोतो यांनी ही लढाई लिहिली आणि 1996 मध्ये जपानात रेड आणि ग्रीन बाजारात आले. त्या माणसाचंही माझ्यावर ऋण आहे. त्यांच्या या लढाईत काही खोट राहिली होती. शंभर टक्के अचूक म्हणवणारा हल्ला 256 मध्ये एकदा चुकायचा, कारण 0 ते 255 मधला यादृच्छिक आकडा 255 'पेक्षा कमी' आहे का एवढंच तपासलं जाई आणि नेमका 255 आला की नेम हुके. हे आत्याला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "'इतका किंवा कमी' असं लिहायला हवं होतं." पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये ही खोट काढली. माझ्या मते त्याहून मोठी सुधारणा 2006 च्या डायमंड आणि पर्लमध्ये झाली: हल्ला अंगबळाचा की स्पेशल, हे टाइपऐवजी त्या त्या हल्ल्यावर ठरू लागलं. दांडग्या गॅरॅडॉसला पाण्याचा हल्ला स्वतःच्या ताकदीनिशी मारता आला तो तेव्हापासून.

आत्याला सर्वांत आवडलेली गोष्ट सातोरू इवाता यांची. पोकेमॉन स्टेडियमसाठी ही लढाई निन्टेंडो 64 वर न्यायची होती. कामाचा नीट आराखडा कुणी लिहून ठेवलेला नव्हता. इवाता तेव्हा हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी मोरिमोतोंचा मूळ प्रोग्रामच वाचायला घेतला आणि सुमारे आठवड्याभरात लढाई नव्या यंत्रावर चालवून दाखवली. ती उभी करायला मोरिमोतोंना बराच काळ लागला होता. हा कसला अध्यक्ष, असं त्यांना वाटलं. आत्या म्हणाली, "कागद नसले तर काय, खतावणी होती ना समोर."

नोकरीत पहिल्यांदा माझ्यापुढे असा बिनकागदाचा जुना प्रोग्राम आला, तेव्हा लिहिणारे कधीच सोडून गेले होते. मी वही काढली, रकाने आखले, काय दिलं की काय येतं ते लिहीत गेले, आणि वेगळ्या जातीचे आकडे बाजूला काढले. बरोबरच्यांना वाटलं ही माझीच पद्धत. मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे तशा वहीला 'आत्याची वही' म्हणतात.

दिवाळीत साताऱ्याला जाईन तेव्हा हा लेख तिला वाचून दाखवणार आहे. रायचूचं गणित ती पेन्सिल घेऊन पुन्हा करील याची मला खात्री आहे.