एकशेवीस तास

आषाढ लागायला चारच दिवस उरले होते आणि सूचनाफलकावर एकाशेजारी एक असे चार कागद लागले होते. वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक, राष्ट्रीय सेवा योजना आणि विद्यार्थी परिषद. इच्छुकांनी आपली नावे संबंधित प्राध्यापकांकडे द्यावीत, असे प्रत्येकाखाली लिहिलेले. मी चारही ठिकाणी नाव दिले. समाजसेवेची तळमळ वगैरे काही नव्हती, हे येथे कबूल केलेले बरे. दहावी-बारावीपर्यंत वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी, ना हुशार ना वांड अशी मी मुलगी. शिक्षकांना माझे नाव आठवायला हजेरीपट उघडावा लागे. आपले नाव कोठेतरी कागदावर, शक्य तर छापून यावे, एवढीच काय ती महत्त्वाकांक्षा होती.

घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "चार-चार कामं घेतली, मग अभ्यास कोण करन?" बाबांचे अंबाळ्याच्या काठी नारळ-फुलांचे आणि पूजेच्या सामानाचे दुकान आहे. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "हिशेबाचं काम असन तं नीट कर." त्यांचे हे वाक्य पुढे इतके झोंबणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

विद्यार्थी परिषदेविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली आणि २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, एवढे मला त्यानिमित्ताने कळले. दोन सभा झाल्या. दोन्हींत पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली. भित्तिपत्रकाचेही तसेच, लेख मागावे लागत आणि कविता न मागता येत.

वाङ्मय मंडळाची सचिव म्हणून मात्र मी पहिल्याच आठवड्यात पाण्यात पडले. रामटेकला आषाढाचा पहिला दिवस म्हणजे घरचे कार्य. यक्षाने मेघ पाहिला तो रामगिरीवरून, आणि रामगिरी म्हणजे आपलाच गड, ही गोष्ट इथले लहान मूलदेखील जाणते. गडावर कालिदासाचे स्मारक आहे, गावात १९९७ पासून कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. मग शंका कोण घेणार? आमच्या मॅडमनी नेमकी तीच शंका विषय म्हणून ठेवली : "मेघदूतातील रामगिरी रामटेकच काय?" चिठ्ठ्या टाकल्या आणि "नाही" ही बाजू माझ्या वाट्याला आली.

त्या चार दिवसांत मी जेवढे वाचले तेवढे परीक्षेसाठीही कधी वाचले नव्हते. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट मानला आहे आणि काही अभ्यासकांचा कौल छत्तीसगडातील रामगढला आहे, हे माझ्या बाजूचे मुद्दे. समोरच्या मुलाकडे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी होते, म्हणजे जवळजवळ तोफखानाच. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणापासून दिलेला आहे. ती चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. तिच्या घराण्याची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपल्या पायथ्याजवळचे नगरधन. त्याने हे एकेक सांगितले की टाळ्या पडत. मी रामगढचे नाव घेतले तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, "मंग तिकडंच राहाले जा ना!" सभागृह हसले, मीही हसले. खरे सांगायचे तर मला स्वतःलाच मिराशींचे म्हणणे पटलेले होते. पण न पटलेल्या बाजूने बोलताना पटलेल्या बाजूचे दुबळे सांधे दिसू लागतात, हा अनुभव नवा होता.

मध्येच वीज गेली. पाहुणे पावसामुळे पाऊण तास उशिरा आले. शेवटी आभार माझ्याकडे होते. पाहुण्यांपासून फुलझाडांच्या कुंड्या देणाऱ्यापर्यंत अकरा जणांचे आभार मानले. भर पावसात दुसऱ्या इमारतीतून साठ खुर्च्या डोक्यावर वाहून आणणाऱ्या शिपाईकाकांचे नाव राहिले. ते दाराशी ओल्या बनियनवर उभे होते. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली, तर म्हणाले, "जाऊ दे ना बाई, खुर्च्या मोजून ठेवजो म्हंजे झालं." मी खुर्च्या मोजल्या आणि विषय विसरले. खरे तर मी तेथेच सावध व्हायला हवे होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एका सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहायचे. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक असते. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक आठही प्रहर तयार, असा त्याचा अर्थ. हा अर्थ मी तोंडपाठ केला होता. माझे अक्षर बरे म्हणून सरांनी तासांची वही माझ्याकडे दिली. कोण आले, किती वाजता आले, किती तास थांबले, याची नोंद मी करायची. हजेरी काम संपल्यावर घ्यायची, कारण सुरुवातीला घेतली की पोरे सही करून पसार होतात. नियम वाईट नव्हता.

आमच्या वर्गात देवलापारकडून एसटीने येणारी एक मैत्रीण आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिची परतीची बस ठरलेली. ती चुकली की घरी पोचेपर्यंत अंधार. श्रमदान असो की वृक्षारोपण, साडेतीन वाजले की ती फावडे धुऊन ठेवायची आणि निघायची. हजेरी व्हायची पाच वाजता, समारोपाचे भाषण झाल्यावर.

सर्वपित्री अमावास्या झाली आणि त्यापुढच्या रविवारी आम्ही अंबाळ्याच्या घाटावर सफाईला गेलो. अंबाळा ज्यांनी फक्त मंदिरांच्या रांगेसह छायाचित्रात पाहिला असेल त्यांना पितृपक्षानंतरचा घाट ठाऊक नसणार. अंब नावाच्या राजाचे कोड या पाण्याने गेले अशी आख्यायिका. म्हणून दुरून दुरून लोक येथे अस्थी घेऊन येतात, पिंड देतात. मागे राहतात पत्रावळी, भाताचे आंबलेले गोळे, केस, जुनी धोतरे, फुटलेली मडकी, आणि अलीकडे प्लॅस्टिक. बाबांच्या दुकानातून गेलेल्या पिशव्याही त्यात होत्याच. वास असा की बरीच मंडळी वरच्या पायरीवरूनच झाडू हलवीत होती. ती मात्र सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचून पाण्यात उतरली. दुपारभर ती आणि दोन मुले खालून चिखलाने भरलेली टोपली वर देत होती. मी वही छातीशी धरून छत्रीत उभी होते आणि कोण कोठे आहे ते पाहत होते. तीननंतर ऊन पडले, तसे सगळ्यांनी मोबाईल काढले, फलक धरून छायाचित्रे झाली. साडेतीनला ती गेली. पाचला मी हजेरी घेतली. उपस्थितांना प्रत्येकी सहा तास लिहिले. तिच्या नावापुढे रेघ मारली. माझ्या नावापुढे सहा लिहिले.

कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा असते. गडमंदिराच्या माथ्यावर त्रिपूर पेटतो तो पाहायला आजूबाजूच्या सगळ्या मुलखातून माणूस लोटतो. यात्रेत पाणी वाटायला, बायकांची रांग लावायला, चुकलेली मुले सांभाळायला आमचे तीस स्वयंसेवक द्यायचे होते. तीसच बिल्ले, तीसच टोप्या. सरांनी सांगितले, ज्यांचे तास जास्त त्यांची नावे काढ. मी वही घेऊन बसले, बेरजा केल्या, सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि फलकावर लावली. माझे नाव चौथे होते. आईने ते शेजारी तीन घरी सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती फलकापुढे उभी होती. तीस नावे तिने दोनदा वाचली असावीत. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "माहे किती तास झाले वं?"

मी वही उघडून दाखवली. अडतीस.

"अंबाळ्याच्या दिवसाचे?"

"तू हजेरीला नव्हतीस."

"माह्या पायात काच घुसला होता त्या दिवशी. ते कुठं लिवलं हाय?"

मी म्हटले, नियम सगळ्यांना सारखा. बस सुटते म्हणून नियम कसा बदलणार? आणखीही काही बोलले. ते आठवले की अजून कान गरम होतात. ती एवढेच म्हणाली, "बरं. तू लिवलं ते खरं." आणि वर्गात निघून गेली. भांडली असती तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री झोप आली नाही. वही घरीच होती. उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि एकेक पान पाहू लागले. आपण चूक केली नाही, हे स्वतःला दाखवावे म्हणूनच खरे तर उघडली होती. वृक्षारोपणाला माझ्या नावापुढे चार तास. त्या दिवशी मी रोपे मोजून घेतली होती, खड्डा एकही खणला नव्हता. स्थापनादिनाला पाच तास. मी सूत्रसंचालन केले होते. अंबाळ्याला सहा, माझ्या चपलांनादेखील पाणी लागले नव्हते. खोटे मी एकही अक्षर लिहिले नव्हते. प्रत्येक आकडा नियमाला धरून होता. आणि तरी त्या वहीत अंबाळ्याचा घाट कोणी साफ केला, ते कोठेच सापडत नव्हते. माझ्यासारख्या उभे राहणाऱ्यांची ती वही होती.

सकाळी सरांकडे गेले. बोलताना रडू आले, तेही आवरले नाही. सर रागावतील किंवा समजूत तरी काढतील, असे वाटले होते. त्यांनी दोन्ही केले नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हजेरी शेवटी घ्यायचा नियम माझा आहे, त्यामुळे निम्मी चूक माझी. बाकीची निम्मी तू दुरुस्त कर. जुना आकडा खोडू नकोस, त्यावर एक रेघ मार, शेजारी लाल शाईने नवा लिही आणि प्रत्येक ठिकाणी सही कर. म्हणजे आधी काय होतं तेही दिसेल."

पाच दिवस लागले. परीक्षेचे वेळापत्रक लागलेले, आणि मी वही घेऊन एकेकाला विचारत हिंडत होते, त्या दिवशी नेमके काय केलेस? फार अप्रिय काम. काही जण चिडले. एकाने विचारले, तुला कोणी न्यायाधीश केले? त्याचे काही चूक नव्हते. पण एक गोष्ट घडली. त्या दोन मुलांपैकी एकाने आपले तास स्वतःहून कमी करून घेतले, म्हणाला, "मी अर्धा तास चहाले गेलो होतो." शिपाईकाकांना विचारले तेव्हा कोणत्या दिवशी कोणी फावडे परत आणून धुऊन ठेवले, हे त्यांनी न अडखळता सांगितले. माझ्या वहीपेक्षा त्यांची आठवण पक्की निघाली.

नव्या बेरजेत ती सातवी आली. मी चौतिसावी. यादी पुन्हा लिहिली. माझे नाव नसलेली यादी माझ्याच अक्षरात फलकावर लावताना फार उदात्त वगैरे वाटले असे नाही. आईला काय सांगायचे, हाच विचार होता. आई ऐकून गप्प राहिली. बाबा म्हणाले, "मंग यात्रेत दुकानावर बस. तिथंबी माणूस पाहिजेच हाय."

तिला मी सांगायला गेले तर ती आधी नाहीच म्हणाली. रात्री परत जायला बस नाही, धान कापणीला आलेला, घरचे सोडणार नाहीत. माफीचे शब्द मी जुळवून ठेवले होते, ते निघालेच नाहीत. मी एवढेच म्हटले, "आमच्या घरी झोप." ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "पायरीवर नाही ना झोपवत?" मग आम्ही दोघी हसलो. तिच्या वडिलांशी बाबा फोनवर बोलले.

पौर्णिमेच्या दिवशी ती चार वाजता आली. अंबाळ्याकडून गडावर चढणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी बायकांच्या रांगेत तिची पाळी होती. आमच्या दुकानातून ती जागा दिसते. नारळ फोडून देता देता मी मधूनमधून पाहत होते. एका म्हातारीला तिने हाताला धरून बाजूला बसवले. एक रडणारे पोर बराच वेळ कडेवर घेऊन उभी होती. टोपी तिला मोठी होत होती, सारखी डोळ्यांवर येत होती. मध्यरात्री गडावर त्रिपूर पेटला तेव्हा सगळी गर्दी माना वर करून उभी राहिली, बाबांनीही तराजू खाली ठेवला. एक वाजता ती दुकानात आली, चपला काढल्या आणि पोत्यावर बसली. आईने तिला गरम दूध दिले.

सकाळी पहिल्या बसने जाण्याआधी मी वही तिच्यापुढे ठेवली. म्हटले, तुझे तास तूच लिही. चार ते एक म्हणजे नऊ तास होतात. तिने पेन घेतले, विचार केला आणि आठ लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काही लिहून वही मिटली आणि पिशवी उचलून धावतच गेली. ती गेल्यावर मी वही उघडली. तिने लिहिले होते : "मधातला एक तास पायरीवर झोपली होती."