इंजिनाचं नाव आणि माझ्या नोट्स

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पाहायची तर हिंगणघाट किंवा वर्धा गाठावं लागायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब गाडी सुरू झाली, तेव्हा कुठे रूळ शेजारच्या तालुक्यापर्यंत आले. तरीही असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरणारी पोरं इथे कमी नाहीत. आमच्या अभ्यासिकेत मी त्यांना सामान्यज्ञान शिकवायचो आणि डिझेल इंजिनांवर नोट्स लिहून द्यायचो. इंजिनांचं वेड मला लहानपणापासून, त्यामुळे या विषयात तपासून घेण्याची गरज मला कधी वाटली नाही. त्या नोट्समध्ये बरंच चुकीचं होतं, आणि ते पोरांनी पाठ केलं.

सुरुवात बरोबर होती. इंजिनाच्या नावातलं पहिलं अक्षर रुळांमधल्या अंतराचं: डब्ल्यू ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड अडीच फुटी, एन दोन फुटी. दुसरं डी म्हणजे डिझेल. तिसरं कामाचं: एम दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी, पी प्रवासी, जी माल, एस शंटिंग. गडबड पुढच्या आकड्यापासून झाली. २, ३, ४ हा क्रम म्हणजे पहिल्यापेक्षा दुसरं नवं, दुसऱ्यापेक्षा तिसरं नवं, असं मी लिहिलं. त्या हिशेबाने डब्ल्यूडीएम-४ हे डब्ल्यूडीएम-२ च्या नंतरचं ठरतं. प्रत्यक्षात दोन्ही १९६२ च्या सुमारास, जवळजवळ एकाच वेळी अमेरिकेतून आली. २ अल्को कंपनीचं, ४ जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचं. रेल्वेने अल्कोची बाजू घेतली, वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडू लागलं आणि ४ मागे पडलं.

पुढे नावांची पद्धत बदलली. आकडा हजार अश्वशक्तीचा, त्यापुढचं अक्षर शेकड्याचं: ए म्हणजे शंभर, बी म्हणजे दोनशे. म्हणून ३१०० अश्वशक्तीचं, आधी डब्ल्यूडीएम-२सी म्हटलं जाणारं इंजिन डब्ल्यूडीएम-३ए झालं. हे कळल्यावर मी नोट्स दुरुस्त केल्या आणि लगेच दुसऱ्या चुकीत शिरलो. नवा नियम मी सरसकट सगळ्यांना लावला. २६०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-२ जुन्याच नावाने चालत राहिलं, हे मी पाहिलं नाही. डब्ल्यूडीएम-३डी मध्ये डी चे चारशे धरून ३४०० लिहिलं, तर ते इंजिन ३३०० चं. नियम हाती लागला की प्रत्येक इंजिनाची शक्ती वेगळी बघायची गरज उरत नाही, असं मी धरून चाललो होतो.

कंपन्यांच्या बाबतीत तर मी फारच ढिला होतो. डब्ल्यूडीजी-४ समोर ‘जनरल मोटर्स’ लिहिलं आणि पुढे गेलो. आराखडा ईएमडीचा हे खरं, पण पहिली काही इंजिनं आयात झाल्यावर बाकीची वाराणसीतच बनली. शिवाय जनरल मोटर्सने ईएमडी २००५ मध्येच विकली होती आणि २०१० मध्ये ती कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे गेली. डब्ल्यूडीजी-४जी हे मी डब्ल्यूडीजी-४ चंच सुधारलेलं रूप समजलो. नावात एका अक्षराचा फरक, पण ही दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची यंत्रं आहेत. ४जी हे जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं, बिहारच्या मढौऱ्याचं, ४५०० अश्वशक्तीचं. शेकड्याच्या नियमाने जी चे सातशे धरले तर इथेही उत्तर चुकतं.

मला थांबवलं ते एका विद्यार्थ्याने. माजरीच्या बाजूला कोळशाच्या गाड्या पाहून आला आणि म्हणाला, “सर, तुमच्या नोट्समधे जनरल मोटर्स हाये, अन् प्लेटवर वॅबटेक लिहेल हाये. मंग पेपरात काय लिवू?” दुसऱ्याने इंजिनाच्या अंगावर काझीपेट वाचून तोच कारखाना समजला होता. ते शेडचं नाव, म्हणजे इंजिनाची देखभाल जिथे होते ती जागा. हा फरक मी शिकवलेलाच नव्हता. जीईचा रेल्वे व्यवसाय २०१९ च्या फेब्रुवारीत वॅबटेकमध्ये विलीन झाला, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हटलं, “प्लेट बरोबर आहे, मी चुकलो,” आणि त्या आठवड्यात सगळं मुळापासून वाचायला बसलो.

सर्वांत जास्त लागली ती शकुंतला या नॅरोगेज गाडीविषयीची चूक, कारण ती आपल्या जिल्ह्याची गाडी. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं आणि मग डिझेल आलं. ते डिझेल वाराणसीचं, असं मी बिनदिक्कत लिहिलं होतं. चित्तरंजनचा कारखाना म्हणजे फक्त विजेची इंजिनं, ही माझी पक्की समजूत. पण झेडडीएम कुळातली ती नॅरोगेज इंजिनं चित्तरंजनचीच, आणि त्यांची रचनाही वेगळी. डब्ल्यूडीएम-२ मध्ये डिझेलवर वीज तयार होते आणि चाकं विजेच्या मोटरींवर फिरतात. झेडडीएममध्ये वीज मधे येत नाही, तेलाच्या प्रवाहातून जोर चाकांपर्यंत जातो. हा भेद नावात कुठेच उमटत नाही. यवतमाळच्या पोरांना मी त्यांच्याच गाडीविषयी खोटं शिकवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता नोट्समध्ये नाव, शक्ती, आराखडा कुणाचा, जोडलं कुठे आणि त्या साली कंपनीचा मालक कोण, असे वेगळे रकाने आहेत. अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण तिच्या आराखड्याची इंजिनं वाराणसीत त्यानंतरही कित्येक वर्षं बनत होती. एकाच रकान्यात ‘कंपनी: अल्को’ लिहिलं तर हे कधीच कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानातली जुनी मूळ प्रत मी परत घेतली. वडकी, कळंब, वणीकडे गेलेल्या प्रती अजून फिरत आहेत, आणि माझ्याकडे ज्यांचे नंबर आहेत त्या पोरांना मी एकेक करून फोन करतो आहे.