हजेरीची वही

यंदा रमजानमध्ये आमचा भाचा शहागंजजवळ एका कापड दुकानात कामाला होता. तरावीहनंतर गिऱ्हाईक वाढे, शटर रात्री एकला खाली येई. रजिस्टरात मॅनेजर मात्र नऊच लिही. सकाळी दहा मिनिटे उशीर झाला, तर पैसे कापायला विसरत नसे. भाच्याने गाऱ्हाणे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, "सब्र कर बेटा, नोकरी गेली तर?"

मग आमचेच बोलणे आम्हाला खटकले. सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांना बजावते. वेळेचेही माप असतेच की! दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला एक वही दिली. येण्याजाण्याची वेळ रोज लिही म्हटले. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी आहे, हेही सांगितले.

ईदनंतर त्याने वही थेट मालकांपुढे ठेवली. पैसे मिळाले, पण साध्या दराने. मॅनेजर अजून तिथेच आहे. उरलेल्या हकासाठी कामगार कार्यालयात अर्ज करायचा की नाही, हे भाचा ठरवतो आहे. गप्प बस, असे आम्ही आता सांगत नाही. सब्र म्हणजे हक सोडणे नव्हे.

ती वही चाळताना घरी भांडी घासणाऱ्या खाला आठवल्या. महिनाभर इफ्तारची जादा भांडी त्यांनी घासली, पगार मात्र नेहमीचाच घेतला. त्यांची वही कोणी ठेवली होती? त्याच संध्याकाळी आम्ही हिशोब केला आणि उशिराबद्दल माफी मागून पैसे त्यांच्या हाती दिले.