एक दिवस मावशीच्या भोपाळात

बेळगावहून दिल्लीला जाणाऱ्या माणसाला भोपाळ माहीत असते ते खिडकीतून. आपली गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी करीत दुसऱ्या दिवशी दिवेलागण उलटल्यावर तिथे पोहोचते. थोडा वेळ थांबते. चहावाल्यांचा गलबला होतो, कोणी पाण्याची बाटली भरून घेतो आणि गाडी हलते. सोलापूरकडच्या मंडळींची कर्नाटक एक्स्प्रेसही भोपाळवरूनच जाते. एवढ्या वर्षांत आपल्या भागातली किती माणसे त्या फलाटावरून गेली असतील, पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलेली थोडीच.

परदेशात मोठ्या जहाजांच्या सहली असतात. सकाळी जहाज बंदराला लागते, प्रवासी उतरतात, स्कॉटलंडचे एडिनबरा सात-आठ तासांत बघतात आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर चढतात. आपल्याकडे तसले जहाज नाही, पण गोवा एक्स्प्रेस रोज आहे. आज उतरावे, उद्या तीच गाडी धरावी. मध्ये पुरते चोवीस तास मिळतात. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत दिल्लीला जाताना आम्ही हेच केले. आम्ही म्हणजे मी, हे, आमची नववीतली मुलगी आणि सासूबाई. भोपाळला थांबायचे कारण मात्र इतिहास नव्हता. पिपलानीला माझी धाकटी मावशी राहते.

पिपलानी हा भोपाळच्या पूर्वेकडचा भाग. इथे भेल कारखान्याची वसाहत आहे. १९५६ मध्ये सरकारने हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी काढली, ब्रिटनच्या एका कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने भोपाळला कारखाना उभारला आणि १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. विजेची प्रचंड यंत्रे करायची म्हणजे माणसे हवीत, आणि तेव्हाच्या भोपाळात तेवढे कारागीर कुठले? देशभरातून तरुण आले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथे त्यांच्यासाठी क्वार्टर्स उठली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, एकसारखी घरे. एका रांगेत मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी बिऱ्हाडे. काका मूळचे नागपूरचे, ते या कारखान्यात लागले. मावशी निपाणीची, लग्न होऊन १९७२ मध्ये इथे आली. काका आता नाहीत. मुलगा त्याच कारखान्यात आहे, म्हणून क्वार्टर टिकले.

मावशीचे मराठी ऐकण्यासारखे आहे. निपाणीचे ‘काय करालाईस’ आणि नागपूरचे ‘काय करून राहिली’ ही दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि भाजीला ती सरळ ‘सब्जी’ म्हणते. तिची नात आमच्या मुलीच्याच वयाची. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर हिंदीत येते. पहिल्या रात्री जेवताना मावशी सहज म्हणाली, “माझं मराठी माझ्याबरोबर जाणार बघ.” तक्रारीचा सूर नव्हता. पुढची पोळी कोणाला हवी, हे विचारावे तसे म्हणाली. पण मला तो घास उतरेना.

सकाळी पोहे-जिलेबी झाली. इथे पोह्यांवर शेव घालतात आणि सोबत गरम जिलेबी देतात. आमच्या मुलीला आपले पोहे आता अपुरे वाटणार, अशी लक्षणे आहेत. मग रिक्षा करून जुन्या शहरात गेलो. त्र्याहत्तरीची मावशी हट्टाने बरोबर आली. जुन्या भोपाळात शिरताना पाट्या वाचत गेले, तर एकेका भागाची नावे इतवारा, बुधवारा, मंगलवारा, जुमेराती! जुमेरात म्हणजे गुरुवार. मी सासूबाईंना म्हटले, “ही तर आपली रविवार पेठ आणि शनिवार खूट झाली.” बाजारांच्या वारांवरून पेठा वसवायची रीत सगळ्यांनी कुठून उचलली कोण जाणे, पण परक्या गावात एकदम ओळखीचे वाटले खरे.

भोपाळ म्हणताच इतिहास शिकवणाऱ्या मराठी माणसाला आठवतो तो पहिला बाजीराव. डिसेंबर १७३७ मध्ये मोगल बादशहाच्या सांगण्यावरून निजाम माळव्यात उतरला आणि बाजीरावाने त्याला भोपाळात कोंडले. रसद तोडली. दक्षिणेतून येणारी कुमक चिमाजी अप्पांनी तापीकाठी रोखून धरली. शेवटी ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहे इथे तह झाला. निजामाने माळवा द्यायचे कबूल केले आणि पन्नास लाखांचा खर्चही. वर्गात हा प्रसंग मी दरवर्षी रंगवून सांगते. चौकातून जाताना मावशीलाही सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “रसद तोडली म्हणजे गावातल्या लोकांचंही धान्य संपलं असणार की गं?”

माझ्याकडे या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. नकाशावर बाण काढताना आपण नेहमी वेढा घालणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. आणि भोपाळला मराठी फौजेचा वेढा एकदाच पडला असेही नाही. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी कित्येक महिने शहर घेरले होते. वजीर मोहम्मद खानाने ते झुंजवले, सोडले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात या वेढ्याला कुठेही जागा नाही. इथल्यांच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा प्रसंग. मावशी पन्नास-बावन्न वर्षे या तटाच्या आतल्या बाजूने जगली, म्हणून तिला धान्य आठवले.

त्या वजीर मोहम्मदाच्या सुनेपासून भोपाळची वेगळीच कथा सुरू होते. १८१९ मध्ये तिचा नवरा नवाब नजर मोहम्मद बंदुकीची गोळी लागून गेला. कुदसिया बेगम तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची, पदरात तान्ही मुलगी. तिने भाऊबंदांसमोर ठणकावून सांगितले, की राज्य या मुलीचेच, आणि ती मोठी होईपर्यंत कारभार मी पाहीन. तिथून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली, तर भोपाळवर बायकांचेच राज्य होते: कुदसिया, तिची मुलगी सिकंदर, नात शाहजहान आणि पणती सुलतानजहान. तळ्याकाठचा गोहर महाल कुदसियाचा. मोती मशीद सिकंदरची. तिने दरबारात फारसीऐवजी उर्दू आणली, मक्केची यात्रा केली आणि त्या यात्रेचे वर्णनही लिहिले. सुलतानजहान १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. आपल्या मुलींना राणी चन्नम्मा आणि राणी लक्ष्मीबाई पाठ असतात, असायलाच हव्यात. त्यांच्या शेजारी या चौघींनाही जागा द्यायला हरकत नाही. लढाईत पडणे हे शौर्य, तसे शंभर वर्षे कारभार सांभाळणे हेही.

ताजुल मसाजिद पाहून सासूबाई बराच वेळ अंगणातल्या हौदापाशी बसल्या. शाहजहान बेगमेने ही मशीद सुरू केली, पैसा पुरला नाही, १९०१ मध्ये ती गेली आणि काम अर्धेच राहिले. पुढे १९७१ मध्ये ते पुन्हा हाती घेतले आणि १९८५ मध्ये पुरे झाले. मावशी म्हणाली, “मी आले तेव्हा हिचं काम चालू होतं. माझ्या डोळ्यांदेखत झाली ही.” राजा भोजाच्या नावाने सांगितला जाणारा मोठा तलाव, १७९४ मध्ये छोटे खानाने बांधवलेला छोटा तलाव आणि दोन्हींच्या मधल्या बांधावरचे कमला पार्क हे सगळे ती आपल्या अंगणासारखे दाखवीत होती. ‘को खां’ अशी हाक मारणाऱ्या रिक्षावाल्याला तिने त्याच भोपाळी हेलात पैशांवरून निरुत्तर केले. मग तळ्याकाठी इथला मीठ घातलेला चहा प्यालो. सासूबाईंनी तोंड जरा वाकडे केले, पण कप रिकामा केला.

तळ्यावरच्या भारत भवनाजवळ मला आपल्याकडची दोन माणसे भेटली, म्हणजे आठवली. हे कलाकेंद्र १९८२ मध्ये सुरू झाले. वास्तुकार चार्ल्स कोरिया. तिथल्या रंगमंडळाचे पहिले संचालक बी. व्ही. कारंत, कन्नड रंगभूमीच्या या माणसाने इथे हिंदी नाटके उभी केली. दुसरे कुमार गंधर्व. १९२४ मध्ये आपल्या सुळेभावीला जन्मले, घरची भाषा कन्नड. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले आणि क्षयाच्या आजारपणात, १९४८ मध्ये, हवा मानवेल म्हणून देवासला आले. देवास इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी खिडकीबाहेरची माळवी लोकगीते ऐकली, आणि पुढे ती मैफलीत आणली. १९९२ मध्ये गेले ते देवासकर म्हणूनच. त्यांना कन्नड म्हणावे, मराठी की माळवी? तिघांनीही त्यांच्यावर हक्क सांगितला, आणि तिघांचाही हक्क खरा आहे.

संध्याकाळी पिपलानीला परतलो आणि मला त्या दिवसातला सगळ्यात मोठा प्रसंग स्वयंपाकघरात पाहायला मिळाला. सासूबाई गोकाककडच्या. त्यांना मराठी येते, पण थकल्या की कन्नडच तोंडात येते. ओट्याशी उभ्या मावशीला त्यांनी सवयीने विचारले, “ऊटा आतेन्री?” मावशी क्षणभर थांबली. “हूं, आतु. बर्री, कूड्री,” ती म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली. निपाणीला शेजारच्या घरात खेळताना उचललेले कन्नड. पन्नासहून अधिक वर्षांत इथे ते कोणाशी बोलायची वेळच आली नव्हती. मग दोघी बसल्या. शब्द अडले की मराठीवर जात, मराठी अडले की हिंदीवर. कोणाच्या घरी जात्यावर कोणती गाणी, बुट्टीत भाकरी कशा रचायच्या, कोणत्या जत्रेला बैलगाडीने जायचे, असे काय काय निघाले. नात दारात उभी राहून बघत होती. “दादी, ये कौनसी लँग्वेज है?” तिने विचारले. आजीला आणखी एक भाषा येते, हे तिला पंधरा वर्षांत कळलेच नव्हते.

त्याच बैठकीत एक नोव्हेंबरचा विषय निघाला. मावशीने विचारले, “तुमच्याकडे अजून तो दिवस तसाच असतो का?” वाचकांना सांगायला नकोच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या दिवशी आपल्याकडे एका घरात उत्सव आणि शेजारच्या घरात काळा दिवस. आणि आमच्यासारख्यांच्या तर एकाच घरात दोन्ही. त्याच तारखेला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, विदर्भ त्यातून मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी सुटली आणि भोपाळला आली. ज्या भोपाळला १९७२ पर्यंत स्वतःचा जिल्हाही नव्हता, ते राज्याची राजधानी झाले. इथे त्या दिवशी स्थापना दिवस साजरा होतो, रोषणाई होते. एका कागदावर काढलेल्या रेषांनी कोणाला काय दिले आणि कोणाचे काय नेले, हे बेळगावात बसून दिसत नाही. त्यासाठी थोडे दूर जाऊन बसावे लागते. आमच्या मागणीतले खरेखोटे मी इथे सांगत नाही, ज्याचे त्याचे मत आहे. एवढेच म्हणेन, की त्या तारखेचा हिशेब सासूबाईंच्या आणि माझ्या बोलण्यात येऊ नये, हे आमच्याच हातात आहे.

रात्रीची गाडी होती. फलाटावर मावशीने १९८४ ची आठवण काढली. २ डिसेंबरच्या मध्यरात्री स्टेशनच्या उत्तरेकडच्या युनियन कार्बाइडमधून विषारी वायू सुटला. “आमच्याकडे गॅस आला नाही, माणसं आली,” ती म्हणाली. रात्रभर लोक वसाहतीकडे पळत येत होते, आणि ज्याच्या घरात जे होते ते त्याने बाहेर काढले. कोण कुठल्या भाषेचा, हे कोणी विचारले नाही. याच स्थानकावर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्थानक अधीक्षक होते. त्यांनी उभी असलेली भरलेली गाडी वेळेची वाट न पाहता सोडून दिली आणि आसपासच्या स्थानकांना इकडे गाड्या सोडू नका म्हणून कळवले. स्वतः तिथेच थांबले. त्या वायूने पोखरलेली प्रकृती पुढे सुधारलीच नाही. २००३ मध्ये ते गेले. ज्या फलाटावर आपण फक्त चहा पितो, त्याची ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक हवी.

बेळगावला परतल्यावर आमच्या मुलीने आणि मावशीच्या नातीने एक उद्योग सुरू केला आहे. रोज रात्री फोनवर एकीने एक मराठी वाक्य म्हणायचे, दुसरीने ते परत म्हणून दाखवायचे. आठवड्यातून एकदा कन्नड, ते मात्र सासूबाईंच्या देखरेखीखाली. परवा पिपलानीहून मावशीचा फोन आला. नातीने तिला सकाळी “आजी, काय करालाईस?” असे विचारले म्हणे. नागपूरचे नव्हे, अगदी निपाणीचे. मावशी मला हे तीनदा सांगून गेली.