इन्योच्या निर्जल धारेवर

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व कडेला दोन पर्वतरांगा समोरासमोर उभ्या आहेत. पश्चिमेची सिएरा नेवाडा, जिच्या माथ्यावर ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी आहे, ती पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग बहुतांशी रिते करून घेते. मधली ओवेन्स दरी ओलांडली की इन्यो पर्वत लागतो. त्याच्या वाट्याला उरलेसुरले तेवढेच येते. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस माणदेशात पोहोचेपर्यंत कसा आटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना समजावून सांगायला नको.

वेस्टगार्ड खिंडीपासून आग्नेयेकडे ही रांग सुमारे ११० किलोमीटर पसरली आहे. तिची मुख्य धार बऱ्याच अंतरापर्यंत तीन हजार मीटरांच्या आसपास राहते. वॉकोबा शिखर तर ३,३९० मीटर उंच आहे. पूर्वेला सलाइन दरीचा तळ मात्र साडेतीनशे मीटरांहूनही खाली. या धारेवरून पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठवडाभर चालण्याचा बेत आखणारे पदयात्री थोडेच असतात, आणि जे आखतात त्यांच्या वहीची पहिली पाने पाण्याच्या हिशेबानेच भरलेली असतात. धारेवर एकही बारमाही झरा भरवशाचा नाही.

हा हिशेब नवा नाही. १८६५ साली रांगेच्या दक्षिण भागात सेरो गोर्दो येथे चांदी सापडली. चांदी-शिशाच्या लगडी खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसकडे जात असत. पण खाणकामगारांना पिण्याचे पाणीही खेचरांच्याच पाठीवरून वर आणावे लागे. पुढे सलाइन दरीतल्या मिठाने व्यापाऱ्यांना भुरळ घातली. मीठ उत्तम होते, परंतु बाजारपेठ डोंगरापलीकडे. १९११ ते १९१३ या काळात साडेएकवीस किलोमीटर लांबीचा तारमार्ग उभारला गेला. मिठाने भरलेले लोखंडी डोल तारेला लटकत दरीतून अडीच हजार मीटरांहून उंच असलेल्या धारेवर चढत आणि ओवेन्स सरोवराकाठी स्वान्सी येथे उतरत. उभारणीच्या अवाढव्य खर्चापुढे मिठाचा नफा टिकला नाही. अधूनमधून चालत हा मार्ग १९३० च्या दशकात कायमचा थांबला. त्याच १९१३ साली ओवेन्स दरीचे पाणी कालव्याने लॉस एंजेलिसला जाऊ लागले आणि काही वर्षांत ते सरोवरही कोरडे पडले. धारेवरचे लाकडी स्थानक आजही उभे आहे. वाहतुकीचा खर्च मालालाच कसा खाऊन टाकतो, याचा इतका बोलका नमुना क्वचितच पाहायला मिळतो.

पदयात्रीपुढेही तेच कोडे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. बेताच्या हवेत पिणे आणि रांधणे धरून माणशी रोज चार लिटर लागतात. पाच दिवसांचे वीस किलो झाले. अन्न, तंबू, पांघरूण वेगळेच. झरे आहेत, पण ते खालच्या घळींमध्ये, धारेपासून शेकडो मीटर खोल. पाण्यासाठी खाली उतरून पुन्हा वर चढण्यात दिवस जातो, आणि आणलेल्यातले बरेच पाणी त्या चढाईतच संपते.

म्हणून मे महिना निवडतात. तेव्हा ईशान्येकडील सावलीच्या खळग्यांत हिवाळ्याचे हिम शिल्लक असते. लवकर गेले तर उतार गोठलेले, उशीर झाला तर खळगे रिकामे. निघण्याच्या आदल्या आठवड्यातली उपग्रहचित्रे पाहून पांढरे ठिपके नकाशावर मांडले जातात. हिम वितळवायला इंधन लागते, तेही जमेला धरावे लागते. भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी नसेल तर भांडे करपते. वाळवलेले, शिजवून खायचे अन्न हलके खरे. पण त्याला लागणारे पाणी जिथे पाठीवरूनच न्यायचे असते तिथे त्याचा फायदा फारसा उरत नाही. सुकामेवा, गूळ, खाकरा असे न शिजवता खाता येणारे जिन्नसच इथे परवडतात.

घळींतल्या झऱ्यांजवळ मुक्काम न करण्यामागे आणखीही एक कारण आहे. या पर्वताखेरीज जगात कुठेही न आढळणारा एक छोटा सॅलॅमँडर १९७३ साली इथे प्रथम सापडला. भोवती वाळवंट असताना तो झऱ्याकाठच्या ओल्या दगडांखाली जगतो. रानमेंढ्याही पाण्यासाठी तिथेच उतरतात; माणसाचा तळ दिसला तर त्या तहानलेल्याच परततात. ज्याच्यापाशी तीन दिवसांचे पाणी बाटल्यांत आहे त्याने तो ओलावा त्यांच्यासाठी सोडणेच योग्य.

सर्वांत कठीण आकडा असतो परतीचा. किती पाणी उरले असता पुढे न जाता मागे वळायचे, हे घरीच, डोके थंड असताना ठरवून लिहून ठेवतात. तहानेला निर्णय सोपवता येत नाही. पूर्वेकडची घळ वरून सोपी दिसते आणि मध्येच सरळ कड्यावर येऊन थांबते. तिथून खाली जाता येत नाही आणि वर चढण्याइतके बळ उरलेले नसते. म्हणून पॅट कीज खिंडीसारख्या, खाणवाल्यांनी मळलेल्या जुन्या वाटाच सुटकेच्या म्हणून नकाशावर खुणावतात. त्याची एक प्रत घरच्यांपाशी राहते, आणि कोणत्या दिवसानंतर शोध सुरू करायचा तेही तिच्यावर लिहिलेले असते.

दक्षिणेकडून एक खडतर मातीचा रस्ता धारेवरून काही अंतर जातो. तिथपर्यंत गाडी नेऊन पाण्याचे डबे आधी ठेवून येता येतात. ते काठोकाठ भरत नाहीत, कारण रात्री पाणी गोठून डबा फुटतो; उंदीर कुरतडू नयेत म्हणून जाड प्लास्टिकचे घेतात आणि त्यांवर तारीख घालतात. चाल संपल्यावर रिकामे डबे आणण्यासाठी गाडी पुन्हा एकदा वर न्यावी लागते. त्या खेपेचे इंधन आणि एक दिवस वहीत पहिल्यापासूनच मांडलेला असतो.